जुनं रिले पॅनल काढायच्या आधी ते वाचून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. कुपवाड एमआयडीसीत वडिलांच्या वेळचे दोन १५० टनी हायड्रॉलिक प्रेस आहेत. दोन्हींची पॅनल सारखीच: २८ रिले (कॉइलने ओढले जाणारे स्विच), तीन टायमर, ११० व्होल्ट एसी कंट्रोल. महिन्यातून दोन-तीनदा सायकल मधेच अडकते. पॅनल कळणारे एकटे तात्या, आणि ते येत्या दिवाळीला निवृत्त होणार. रिलेंच्या जागी पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर मशीन चालवणारा छोटा संगणक, बसवण्याची दोन कोटेशनं आली आहेत. स्वस्तवाला म्हणतो, "शनिवारी रात्री मशीन ताब्यात द्या, सोमवारी पहिल्या पाळीला चालू करून देतो." महागवाल्याने नुसत्या पाहणीलाच आठ दिवस धरले आहेत. पीएलसी घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि जुन्या पॅनलचं काय करावं?

पीएलसी घ्या. महागवाल्याला काम द्या, किंवा स्वस्तवाल्याला विचारा की शनिवार रात्र ते सोमवार सकाळ यात तो पॅनल समजून कधी घेणार आहे. उत्तर "ड्रॉइंग असेलच ना" असं आलं, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा. तीस-पस्तीस वर्षं चाललेल्या मशीनचं ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायरिंग जुळलेलं मी अजून पाहिलेलं नाही. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात पंचवीसेक वर्षं हीच कामं करतोय. फाउंड्रीतली कोअर मशीन, हळद पॉलिशचे ड्रम, कारखान्यातले कन्व्हेयर आणि प्रेस तर कितीतरी. प्रोग्राम लिहिता आला नाही म्हणून फसलेलं काम यात एखादंच असेल. बाकी जी फसली, ती जुनं पॅनल काय करत होतं हे कळायच्या आत ते उचकटलं म्हणून.

त्याहीआधी एक गोष्ट. सायकल अडकते म्हणता, ती कुठे अडकते? पॅनलच्या दारावर एक कागद चिकटवा. तारीख, वेळ, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) कुठे थांबला होता, काय केल्यावर सुटला, एवढे चार रकाने पुरेत. महिनाभर ऑपरेटरकडून भरून घ्या. दरवेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट संपले आहेत, आणि पीएलसीने तो त्रास जाईल. एकाच जागी अडकत असेल, समजा खाली दाब भरल्यावर परत वर येत नसेल, तर प्रेशर स्विच, व्हॉल्व्हचा स्पूल (आतली सरकणारी दांडी) नाहीतर पंप बघा. झिजलेल्या पंपाचा दाब पीएलसी वाढवत नाही. मिरजेत एकाने नवंकोरं पॅनल लावून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात प्रेस पूर्वीच्याच जागी अडकला. फरक एवढाच की आता तो स्क्रीनवर लाल अक्षरांत अडकत होता. खर्च झाल्यावर कळलं की प्रेशर स्विचची स्प्रिंग बसली होती.

आता तात्या. ते निवृत्त होणार ही तुमची खरी अडचण आहे, रिले दुय्यम. पाहणीचे आठ दिवस त्यांना दुसरं कुठलंही काम देऊ नका. पॅनलसमोर खुर्ची टाका, शेजारी पीएलसीवाल्या पोराला बसवा आणि एकेका रिलेवर बोट ठेवून एवढंच विचारायला लावा: हा कधी ओढतो, आणि ओढला नाही तर काय होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ड्रॉइंगमध्ये कधीच नसतं. प्रत्येक वायरला फेरूल, म्हणजे नंबराची नळी, घाला. चालू पॅनलचा मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. चार-पाच सायकल टिपल्या की कोणता रिले कोणाच्या आधी ओढतो ते फ्रेम पुढेमागे करून बघता येतं. डोळ्याला ते सगळं एकदम "खट्" झाल्यासारखं दिसतं. एक माणूस प्रेशर गेजकडे कॅमेरा धरून उभा राहू दे. प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात ते लिहा. नवीन पॅनल "बरोबर चालतंय" हे ठरवायला नंतर तुमच्याकडे हा एवढाच पुरावा असणार आहे.

ही घाई माझ्याही अंगाशी आली आहे. एका प्रेसच्या पॅनलमध्ये एक रिले सापडला. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता आणि त्याचा कॉन्टॅक्ट कुठल्याही व्हॉल्व्हला जात नव्हता. त्याची वायर पेटीच्या केबल-ग्लँडमधून बाहेर पडून मशीनच्या मागे गेली होती. कुणीतरी कधीतरी केलेली खटपट असेल समजून मी ती बंद ठेवली. वीसेक दिवसांनी फोन आला, रॅमच्या गाइडवर चरे पडलेत. तो रिले दर स्ट्रोकला ग्रीस पंपाला एक झटका देत होता. मशीनच्या मागच्या बाजूला जाऊन बघण्याचे पाच मिनिटांचे कष्ट वाचवले आणि गाइडचं पॉलिश-स्क्रेपिंग माझ्या खिशातून झालं.

तुमच्या तीन टायमरपैकी एकावर तात्यांनी रंग लावून स्क्रू सील केलेला असेल, असा माझा अंदाज आहे. बहुतेक तो डीकॉम्प्रेशनचा असतो. १५० टनी प्रेसने पूर्ण दाब दिला की सिलिंडरमधलं तेल थोडं दाबलं जातं, प्रेसची फ्रेमसुद्धा ताणली जाते. त्याच क्षणी वर जाणारा व्हॉल्व्ह उघडला तर ही साठलेली ताकद टाकीच्या पाइपात एकदम मोकळी होते. धाडकन आवाज येतो, पाइप हादरतात आणि काही महिन्यांत जोड गळायला लागतात. म्हणून आधी लहान वाटेने दाब उतरवायचा, अर्धा-एक सेकंद थांबायचं आणि मगच रॅम वर घ्यायचा. जुन्या पॅनलमध्ये काही वेळा यासाठी वेगळा टायमरही नसतो. एक रिले सुटायचा, त्याच्यामुळे दुसरा सुटायचा, मग आळशी व्हॉल्व्ह हलायचा, आणि या सगळ्या रेंगाळण्यात दाब आपोआप उतरायचा. पीएलसीत रिलेच्या ड्रॉइंगची तीच शिडी (लॅडर) जशीच्या तशी उतरवली की हे रेंगाळणं नाहीसं होतं. सगळे आउटपुट एका स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीत, काही मिलिसेकंदांत बदलतात. "तुमचा प्रोग्राम आल्यापासून मशीन आपटतंय" असं ऑपरेटर म्हणाला, तर तो खरंच बोलतोय असं समजा.

मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत घ्यायच्या स्टार-डेल्टालाही हेच लागू आहे. स्टारचा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा रिले) सोडायचा आणि डेल्टाचा ओढायचा, हे प्रोग्रामने एकाच स्कॅनमध्ये केलं तर आतला आर्क विझायच्या आत दुसरा बसतो आणि फेज एकमेकांना भिडतात. प्रोग्राममध्ये थोडा विराम ठेवायचाच. शिवाय दोन्ही कॉन्टॅक्टरचे एनसी (एरवी जोडलेले, ओढल्यावर तुटणारे) ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट एकमेकांच्या कॉइलमध्ये वायरने घ्यायचे. प्रोग्राममध्ये इंटरलॉक (एक चालू असताना दुसऱ्याला अडवणं) आहे ना, मग वायर कशाला, असं नवी मुलं विचारतात. कॉन्टॅक्टरचा कॉन्टॅक्ट वितळून चिकटला तर पीएलसीला ते दिसत नाही. कॉइलचा आउटपुट बंद केला एवढंच त्याला माहीत असतं.

लिमिट स्विच, म्हणजे रॅम ठरल्या जागी आला की दाबला जाणारा स्विच, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवीन पॅनल बसल्यावरची निम्मी रडारड इथून सुरू होते. तुमचे जुने लिमिट स्विच इतकी वर्षं ११० व्होल्टवर रिलेची कॉइल ओढत होते. दर वेळी कॉन्टॅक्टवर बारीक ठिणगी पडायची आणि तिच्यामुळे वरचा काळा थर जळून जायचा. आता त्याच स्विचमधून पीएलसीच्या इनपुटला २४ व्होल्ट डीसीवर पाच-सात मिलिअँपिअर एवढाच करंट जाणार. एवढ्याने ठिणगी पडत नाही, थर तसाच राहतो आणि स्विच दाबलेला असूनही इनपुट येत नाही. वायरमन स्विच उघडतो, मीटर लावतो, कधी शून्य ओहम दिसतं, कधी काहीच नाही. मग पीएलसीला शिव्या. जुने स्विच तसेच ठेवायचे असतील तर निदान नवीन कॉन्टॅक्ट ब्लॉक घाला. जमेल तिथे प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारा) लावा, तेल आणि स्केल उडतं तिथे तर नक्कीच. सेन्सर मागवताना पीएनपी की एनपीएन (सेन्सरच्या आउटपुटचे दोन प्रकार) हे पीएलसीच्या इनपुटशी आधी जुळवून घ्या, आणि दोन्ही प्रेसला एकच प्रकार ठेवा. रात्रपाळीत डब्यातून हाताला येईल तो सेन्सर बसवला जातो, हे गृहीत धरून चालायचं.

काही जण पैसे वाचवायला ११० व्होल्ट एसीचेच इनपुट कार्ड घेतात आणि जुन्या केबल तशाच ठेवतात. चालतं, पण लांब केबल एकाच डक्टमधून गेल्या असतील तर शेजारच्या वायरीचं व्होल्टेज उतरून बंद स्विचचा इनपुटही लुकलुकतो. जुन्या रिलेची जाड कॉइल हे भुताटकीचं व्होल्टेज पचवायची, पीएलसीचा इनपुट पचवत नाही. माझं मत विचाराल तर केबल नवीन ओढा, कंट्रोल २४ व्होल्टवर आणा, आणि ४१५ व्होल्टच्या केबलपासून वेगळा डक्ट द्या. मशीनवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर तिची मोटर केबल शील्डवाली घ्या आणि तिला सेन्सरच्या केबलपासून दूर ठेवा.

आउटपुटकडे हिशोब सरळ आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची २४ व्होल्टची साधारण ३० वॅटची कॉइल सव्वा अँपिअर घेते, आणि पीएलसीचा ट्रान्झिस्टर आउटपुट बहुधा अर्धा अँपिअर देतो. म्हणून मधे स्लिम रिले लागतो, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, आणि कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज दाबायला डीसी कॉइलवर डायोड. डायोड लावला की व्हॉल्व्ह किंचित उशिरा सुटतो. रॅम नेमक्या जागी थांबवायचा असेल तर हा उशीर मोजून घ्या. एसी कॉइलला आणि कॉन्टॅक्टरला डायोड नव्हे, आरसी सप्रेसर. कोटेशनमध्ये या वस्तू दिसत नसतील तर स्वस्त कोटेशन स्वस्त का आहे याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आता बोटांचं. कायदा मशीनच्या धोकादायक भागाला आडोसा घालायला सांगतो. पण कायदा बाजूला ठेवू. प्रेसवर बोट गेलेला माणूस आपल्या भागात शोधावा लागत नाही. इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या प्रोग्रामवर सोडू नका. लाल मशरूम बटणाचे दोन एनसी कॉन्टॅक्ट दोन वेगळ्या वायरींनी सेफ्टी रिलेला (सुरक्षेसाठीच बनवलेला वेगळा रिले), आणि सेफ्टी रिलेने व्हॉल्व्हच्या आउटपुटचा २४ व्होल्ट सप्लायच तोडायचा. पीएलसीला एक इनपुट द्या, म्हणजे स्क्रीनवर मेसेज येईल. त्यापलीकडे त्याचा या कामात संबंध नको. वेगळा सेफ्टी पीएलसी मिळतो, पण दोन प्रेससाठी त्याची गरज नाही.

दोन हातांच्या बटणांचं तुमच्याकडे काय चालतं ते मला न बघता माहीत आहे. एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला असणार. जुन्या सर्किटमध्ये दोन बटणं नुसती सिरीजमध्ये असतात. एक बांधून ठेवलं की दुसऱ्या हाताने पत्रा सरकवत काम उरकतं, पीस रेटवाल्याला तेच परवडतं. टू-हँड कंट्रोलचा सेफ्टी रिले लावा. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात, त्यामुळे बांधलेलं बटण उपयोगाचं राहत नाही. पहिले पंधरा दिवस ऑपरेटर कुरकुरतील, उत्पादनही थोडं घटेल. त्या पंधरवड्यात पीस रेट तोडू नका, नाहीतर सेफ्टी रिलेला बगल देण्याचा मार्ग तेच शोधून काढतील. आणि ते काढतातच.

लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावणार असाल तर तो डायच्या (साच्याच्या) तोंडाशी चिकटवून काही उपयोग नाही. हात पुढे येण्याचा वेग मानकात सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. पडदा तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर बोट ओळखणारा १४ मिलिमीटर रिझोल्यूशनचा पडदासुद्धा ४०० मिलिमीटर दूर हवा. हे ०.२ अंदाजाने धरायचे नाहीत, तुमच्या प्रेसवर मोजायचे. शिवाय पडदा फक्त वीज तोडतो. व्हॉल्व्हचा स्पूल कचऱ्याने अडकला तर वीज तुटूनही रॅम खाली येत राहतो. म्हणून खाली येण्याच्या वाटेत दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्पूलच्या जागेवर लक्ष ठेवणारा सेन्सर लागतो. इथे खर्च वाढतो, हे खरं. पण पॅनल उघडलंच आहे तर या वेळी करा, नंतर कुणी करत नाही.

प्रोग्राम. २८ रिलेंची शिडी बघून तिची पीएलसीत हुबेहूब नक्कल करणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पीएलसी जन्मला तोच मुळात रिलेंच्या जंजाळाला कंटाळून. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने मागणी मांडली होती की मॉडेल बदललं की पॅनल भंगारात घालायला लागू नये. त्यातून डिक मॉर्ले आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ आला. ०८४ हा त्यांचा ८४ वा प्रकल्प, म्हणून ते नाव. लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली, कारण कारखान्यातल्या वायरमनला ती वाचता यायला हवी होती. वाचायची पद्धत तीच ठेवा, विचार मात्र पायऱ्यांचा करा. पायरी १, रॅम वर उभा. पायरी २, वेगाने खाली. पायरी ३, हळू खाली. पायरी ४, दाब. ५, डीकॉम्प्रेशन. ६, वर. एका वेळी एकच पायरी चालू, पुढच्या पायरीला जायची अट एका ओळीत, आणि प्रत्येक पायरीला कमाल वेळ. वेळ उलटली की मशीन थांबेल आणि स्क्रीनवर येईल, "रॅम हळू गतीला आला नाही, लिमिट स्विच ३ पाहा." मेसेज मराठीत लिहून घ्या. तात्या गेल्यावर रात्री दोन वाजता मशीनसमोर जो कोणी असेल, त्याला सावरणारी गोष्ट हीच.

प्रोग्राम तपासताना दोन जागा स्वतः बघा. एक, स्टॉपचं बटण. ते एनसी वायर केलेलं असतं, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. त्यामुळे बटण न दाबता इनपुट चालूच असतो, आणि लॅडरमध्ये तो एनओ (एरवी तुटलेला) कॉन्टॅक्ट म्हणून दिसतो. नवीन वायरमनला हे उलटं वाटतं आणि तो "दुरुस्त" करायला जातो. त्या ओळीशेजारी कॉमेंट असलीच पाहिजे. दोन, लाइट गेल्यावर काय होतं. आपल्याकडे ती जाते, हे वेगळं सांगायला नको. जुन्या पॅनलमध्ये लाइट गेली की पकडून ठेवलेले सगळे रिले सुटायचे, लाइट आल्यावर मशीन निपचित. पीएलसीत कुणी पायरीचा नंबर रिटेन्टिव्ह (लाइट गेली तरी टिकणाऱ्या) मेमरीत ठेवला, तर लाइट परत आल्यावर तो मधल्या पायरीपासून पुढे निघू शकतो, आणि त्या वेळी माणूस डायमधला अडकलेला पत्रा काढत असतो. ट्रायलच्या दिवशी प्रत्येक पायरीत मेन स्विच पाडून बघा. पाडताना स्वतः उभे राहा.

कोणता पीएलसी, या प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात. मी एका परिच्छेदात संपवतो. तुमच्याकडे वीसेक इनपुट आणि पंधरा आउटपुट निघतील. त्यावर वीस टक्के मोकळे ठेवा. एवढ्याला सीमेन्स, मित्सुबिशी, डेल्टा, पुण्याचा मेसुंग, कुणाचाही लहान पीएलसी पुरतो. बघायचं ते हे, की तो जाणणारा माणूस तासाभरात तुमच्या दारात येऊ शकतो का, आणि त्याचं कार्ड सांगली-कोल्हापुरात, फार तर पुण्यात, त्याच दिवशी मिळतं का. "सेकंडहँड एस७-३०० स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. चांगला होता, पण सीमेन्सने तो २०२३ पासून मागे घ्यायला सुरुवात केली आहे. एक जुना पसारा काढून दुसरा कशाला आणायचा?

पॅनलची पेटी धूळबंद घ्या. तुमच्या गल्लीत फाउंड्री असेल तर काळी धूळ पॅनलमध्ये जाते आणि ती वीज वाहून नेते. फिल्टर-फॅन लावला की कुणी फिल्टर बदलत नाही, चार महिन्यांनी फॅन धूळच आत ढकलतो. पीएलसी साधारण ५०-५५ अंशांपर्यंत चालतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बंद पेटीतली हवा तिथवर सहज पोचते. पेटी मोठी घ्या, ट्रान्सफॉर्मर आणि व्हीएफडी वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि शक्य तर पॅनल उन्हाच्या भिंतीवरून हलवा. आणखी एक, जमिनीपासून उंच बसवा. कुपवाड उंचावर आहे हे मला ठाऊक आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं तेव्हा नदीकडच्या भागातलं हळद पॉलिशचं एक युनिट पाण्याखाली गेलं. पीएलसी नवीन आणता आला. प्रोग्रामची एक प्रत पीएलसीत होती, दुसरी ऑफिसच्या कपाटातल्या लॅपटॉपमध्ये. कपाट खालच्या मजल्यावर. मी तो प्रोग्राम ड्रम फिरताना बघून आणि मालकाच्या आठवणीतून पुन्हा लिहिला.

यावरून पासवर्ड. बरेच ठेकेदार प्रोग्रामला कुलूप घालतात आणि चावी स्वतःकडे ठेवतात. पुढच्या वेळी पाच मिनिटांच्या बदलाला तुम्ही त्याच्याच दारात उभे. तो फोन उचलेनासा झाला तर सगळा प्रोग्राम पुन्हा लिहिण्यापलीकडे उपाय नाही. म्हणून पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा: कॉमेंटसह उघडा प्रोग्राम, एचएमआयची (स्क्रीनची) मूळ फाइल, आय/ओ (इनपुट-आउटपुट) यादी, केल्याप्रमाणेचं ड्रॉइंग, आणि हे हाती आल्याशिवाय शेवटचे वीस टक्के मिळणार नाहीत. एक प्रत ऑफिसात, एक घरी, एक मेलवर. पीएलसीला बॅटरी असेल तर ती बदलायची तारीख दारावर लिहा. जुन्या पद्धतीच्या काही पीएलसीत प्रोग्राम बॅटरीवरच तगून असतो. ती बदलताना सप्लाय चालू ठेवायचा की बंद, हे मॅन्युअल बघून त्याच कागदावर लिहा.

बदल प्रत्यक्ष कसा करायचा? नवीन पॅनल बाहेर बांधून घ्या. इनपुटला टॉगल स्विच आणि आउटपुटला दिवे लावून टेबलावरच सगळी सायकल चालवून बघा. तात्यांना त्या टेबलावर बसवा आणि सांगा, "हे बिघडवून दाखवा." दोन लिमिट स्विच एकदम दाबले तर? मधेच मोड बदलला तर? दाब भरताना प्रेशर स्विच तुटला तर? तात्यांना असे पंधरा-वीस प्रकार माहीत असतात, कारण ते सगळे त्यांच्या अंगावरून गेलेले असतात. मशीनवर जायचं ते दिवाळीच्या बंदमध्ये, लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत. केबल कापू नका, सोडवा आणि नंबर टाकून बाजूला बांधा, म्हणजे पाडव्याच्या रात्री काही जुळलं नाही तर जुनं पॅनल परत जोडता येईल. आधी पंप बंद ठेवून नुसते इनपुट तपासा. मग डायशिवाय, कमी दाबावर, इंचिंगने (बटण दाबलं तेवढंच हलवत). मग पूर्ण दाब. डाय सगळ्यात शेवटी. पहिले तीन दिवस प्रोग्राम लिहिणारा माणूस मशीनशेजारी हवा, फोनवर नाही. हेही ऑर्डरमध्ये लिहा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण हिशोबाला लागेल: माझ्या कामांत पीएलसी आणि स्क्रीन मिळून एकूण बिलाचा लहानच हिस्सा असतो. पेटी, वायरिंग, सेन्सर, सेफ्टीचं सामान आणि माणसांचे दिवस यातच मुख्य पैसा जातो. पीएलसीच्या ब्रँडवर घासाघीस करून फारसं काही सुटत नाही, आणि पाहणीचे दिवस कापून तर उलटंच होतं.

राहिलं जुनं पॅनल. ते भंगारवाल्याला देऊ नका. दोन्ही प्रेस एकदम करायचा मोह होईल, तो टाळा. आधी जास्त अडकणारा एक करा. त्याच्या पॅनलमधले धड रिले, टायमर आणि ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर खोक्यात भरून नावं टाकून ठेवा. या जातीचे रिले आता बाजारात मिळायला त्रास पडतो, आणि दुसरा प्रेस वर्षभर त्याच सामानावर काढता येईल. त्या वर्षात पहिल्याच्या स्क्रीनवर कोणते अलार्म खरंच कामाला आले, कोणते उगाच वाजत राहिले, कुठला सेन्सर तेलाने मेला, हे सगळं दिसेल. तात्यांशी महिन्यातून दोन दिवसांचा करार करून ठेवा. दुसऱ्या प्रेसचं पॅनल उघडाल तेव्हा ते लागणारच आहेत.